घरापासून पायी

आमच्या बेकरीची भट्टी वर्षातून एकदाच विझते. एरवी एक पाळी घरी जाते, दुसरी येते, जाळ तसाच असतो. पण एकदा केव्हातरी गवंडी येतो, भट्टीच्या पोटात शिरतो, तळाच्या झिजलेल्या विटा उपटून नव्या बसवतो, आणि त्या वाळेपर्यंत मालकाला झक मारत आम्हाला सुट्टी द्यावी लागते. पाच दिवस. तेवढे दिवस मालक घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून बसतो, आणि आम्ही सगळे त्याचं सांत्वन न करता घरी जातो.

मी तिथे पीठ तोलते, गोळे करते, ट्रे लावते. सगळे मला टिकटिक म्हणतात. माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे, त्यामुळे डाव्या बुटाला दोन बोटं जाड तळ लावलेला असतो आणि फरशीवर दोन बूट दोन वेगळे आवाज करतात. मालकाने हे नाव ठेवलं तेव्हा मी त्याला तोंडावर सांगितलं, "घड्याळ म्हणताय ना, मग यापुढे माझ्या वेळेने चालायचं." तेव्हापासून चहाची सुट्टी मी म्हणेन तेव्हा होते. थट्टेला माझी हरकत नाही. दया आली की मात्र माझं डोकं फिरतं. आणि 'वासरांत लंगडी गाय शहाणी' ही म्हण माझ्या समोर ज्याने कुणी उच्चारली, त्याला पुढचा अर्धा तास मी गाय आणि वासरं यांच्याबद्दल बरंच काही ऐकवलेलं आहे.

पायाचं असं झालं की मी तीन वर्षांची असताना मला ताप आला. ताप उतरला, पण जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ही उभी राहील की नाही सांगता येत नाही. त्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात बसून आईने नवस बोलला: ही आपल्या पायांनी उभी राहिली, तर घरापासून तुझ्या दारापर्यंत चालत येईल. नवस बोलली आई आणि पणाला लावले माझे पाय! देवाशी व्यवहार करताना दुसऱ्याचं भांडवल वापरायची तिची ही हुशारी मला अजून जमलेली नाही.

मी उभी राहिले. चालायला लागले, पळायलासुद्धा लागले, म्हणजे मी त्याला पळणं म्हणत असे. नवस मात्र राहिला. वडील म्हणाले, जरा मोठी होऊ दे. मग शाळा आली, मग बेकरी आली, मग वडील गेले. दादाचं लग्न झालं. देवस्थान आमच्या शहरापासून इतकं लांब की धडधाकट माणसांनाही चालत जायला आठवडा लागतो, आणि मला तर त्याच्या तिप्पट वेळ लागणार. एवढी रजा कोण देणार? दरम्यान घरात जे काही वाईट घडेल त्याची पावती त्या राहिलेल्या नवसावर फाडायची आईला सवय लागली. छत गळलं, नवस. दादाच्या दुकानात शॉर्टसर्किट होऊन माल जळला, नवस. एकदा शेजाऱ्यांचं मांजर आमच्या जिन्यात मेलं, तेही नवसामुळेच. मी म्हटलं, "आई, त्या मांजराचा आपल्या देवाशी काय संबंध?" ती म्हणाली, "तुला थट्टा सुचते. मला डोळे मिटायच्या आत हे संपलेलं बघायचंय."

ती ऐंशीच्या पुढे आहे. डोळे मिटायचं हे वाक्य ती हल्ली फार वेळा बोलते, आणि दर वेळी मला भीती वाटते. मी ते तिला कळू देत नाही, एवढंच.

या वर्षी भट्टी विझायच्या आधीच्या रविवारी दादा आमच्याकडे आला. आई आणि मी एका चावीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. दिवसभर खालून कानशीचा आवाज येतो आणि जिन्यात लोखंडाच्या किसाचा वास असतो. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. आला तो हातात देवस्थानचं रंगीत माहितीपत्रक आणि बगलेत एक खोकं घेऊन.

"सगळं ठरवलंय," तो म्हणाला. दादा कधी विचारायला येत नाही, ठरवूनच येतो. त्याने पत्रक जेवणाच्या टेबलावर पसरलं. देवस्थानवाले हल्ली कमी सुट्टीवाल्या लोकांसाठी छोट्या वाटा सुचवतात. एक किनाऱ्याने जाणारी, एक जंगलातून, एक डोंगरावरून. तिन्ही वाटा देवळाजवळच कुठेतरी सुरू होतात आणि देवळाशी संपतात. वाटेत पाण्याच्या टाक्या, मुक्कामाच्या खोल्या, शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र.

"किनाऱ्याची सपाट आहे पण लांब," दादा बोटाने दाखवत म्हणाला. "जंगलाची जवळची, पण दगडगोटे. तुझ्या पायाला नको. डोंगराची सगळ्यात छोटी. चढ आहे, पण मी काय म्हणतो, चढ गाडीने जाऊ. वरच्या फाटकाशी तुला उतरवतो. तिथून देऊळ दिसतं. तेवढं चाल. आई बघेल, नवस फिटेल, संध्याकाळपर्यंत घरी."

"फाटकापासून देऊळ किती?"

"हे आपल्या घरापासून बसस्टॉप असेल तेवढं."

"बसस्टॉपला मी रोज जाते, दादा. त्याचा नवस कुणी बोललं नव्हतं."

"झालं सुरू," दादा आईकडे बघून म्हणाला.  आईने पत्रकावरचा देवळाचा फोटो दोन्ही हातांनी धरला होता.

मग दादाने खोकं उघडलं. आत नवेकोरे बूट होते. चालायला म्हणून खास बनवलेले, हलके, महागडे, बाजूला चकचकीत पट्टे. "नंबर तुझाच आहे," तो कौतुकाने म्हणाला. "वहिनीने तुझे जुने मोजून घेतले."

मी बूट हातात घेतले. उलटे केले. दोघांचे तळ सारखे होते. अगदी सारखे.

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा भाऊ. लहानपणी मला पाठुंगळी घेऊन शाळेत नेणारा, मला चिडवणाऱ्या पोरांच्या मुस्काटात मारणारा. चाळीस वर्षांहून जास्त काळ माझ्या बुटांचे दोन आवाज ऐकलेला. आणि तो माझ्यासाठी सारख्या तळाचे बूट घेऊन आला होता. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात मी चालणारी बाई नव्हतेच, मी उतरवून घ्यायचं सामान होते.

"दादा," मी म्हटलं, "हे घालून मी चालले तर फाटकापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

त्याने बूट बघितले. माझा पाय बघितला. त्याचा चेहरा असा पडला की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला मिठी मारली असती. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"नवस काय होता, आई?" मी विचारलं.

"माहिती आहे तुला."

"पुन्हा सांग. शब्दाला शब्द."

"घरापासून तुझ्या दारापर्यंत चालत येईल."

"घरापासून," मी म्हटलं. "मग मी घरापासून निघणार. या जिन्यावरून. पाच दिवसांत जिथपर्यंत पोचेन तिथपर्यंत. पाचव्या दिवशी जिथे असेन तिथून बसने परत, आणि पुढच्या वर्षी भट्टी विझली की बसने त्याच जागी जाऊन तिथून पुढे."

दादा हसला. खरंच हसला, टेबलावर हात आपटून. "अगं, तिकडून कुणी यात्रेला जात नाही! गोदामं आहेत, हमरस्ता आहे, ट्रक आहेत. ना झाड, ना पाणी. यात्रेची वाट आहे का ती?"

"आपलं घर तिकडे आहे, तर वाट तिकडूनच सुरू होणार."

"आणि असं तुकड्यातुकड्याने किती वर्षं? चार? पाच?" त्याने आवाज खाली केला, पण खोली एवढीशी, आईला ऐकू जायचं ते गेलंच. "आईचं वय बघ जरा."

आईने फोटो खाली ठेवला. "त्याचं ऐक," ती मला म्हणाली. "जेवढं झेपतंय तेवढं कर आणि एकदाचं संपव. देव काही मोजायला बसलेला नाही."

मला हेच जास्त लागलं. जन्मभर मांजरापर्यंत हिशोब ठेवणारी बाई म्हणत होती की देव मोजत नाही! म्हणजे तिलाही वाटत होतं की मला झेपणार नाही. नवस बोलताना तिला माझ्या पायांवर जेवढा भरवसा होता, तेवढा आता उरला नव्हता.

"मी घरापासून जाणार," मी म्हटलं. "गाडी न्यायची तर न्या. गाडीने काही नवस बोलला असेल तर तोही फिटेल."

भट्टी विझली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पाठीवर पिशवी, पायात माझे जुने बूट, चांभाराकडून डाव्याचा तळ नवा करून घेतलेला. आईने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी तिच्या पायांना हात लावला तर तिने पाय आखडून घेतले. मी म्हटलं, "ठीक आहे, रागाव. परत आले की दुप्पट रागाव." जिन्यात चावीवाला दुकान उघडत होता. त्याने विचारलं, "एवढं लवकर? बेकरी बंद आहे ना?" मी म्हटलं, "देवाला चाललेय." तो म्हणाला, "स्टेशन उजवीकडे आहे." मी डावीकडे वळले.

पहिला दिवस मी रागावरच काढला. राग हे चांगलं इंधन आहे, फक्त लवकर संपतं. ओळखीचे रस्ते, शाळा, बस डेपो, मग कापडाची गोदामं, जिथे हमाल पाठीवर गठ्ठे घेऊन ट्रकमध्ये चढत होते. नदीवरच्या पुलाला फूटपाथच नव्हता. बाजूच्या कठड्याला चिकटून चालले, आणि प्रत्येक ट्रक गेला की माझी ओढणी त्याच्या मागे जायला बघायची. पुलाच्या मध्यावर एक सायकलवाला थांबला.

"कुठे निघालात?"

"देवस्थानाला."

"मग चुकलात. लोक तर पलीकडच्या बाजूने गाड्या करून जातात."

"त्यांची घरं पलीकडे असतील," मी म्हटलं.

संध्याकाळी पिठाच्या गिरणीपाशी पोचले. आमच्या बेकरीला येणारी पोती याच गिरणीची. इतकी वर्षं त्या पोत्यांवरचा शिक्का बघत आले, पण गिरणी पहिल्यांदाच बघितली. पहारेकऱ्याच्या बायकोने तिच्या खोलीत जागा दिली. मी बूट काढले तेव्हा डाव्या टाचेवर लाल चट्टा उठला होता. तिने तेल आणून दिलं आणि विचारलं, "कुणासाठी चालताय?" मी म्हटलं, "आईने बोललेला नवस आहे." ती म्हणाली, "मग आई कुठे आहे?" मी टाचेला तेल चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी रस्ता रुंद झाला आणि माणसं कमी झाली. लोखंडाचे कारखाने, सिमेंटच्या पाइपांचे ढीग, भिंतीमागे भुंकणारी कुत्री. दादा खोटं बोलला नव्हता. यात्रेची म्हणावी अशी एक गोष्ट त्या रस्त्यावर नव्हती. पाणी घ्यायचं तर पेट्रोल पंपावर. सावली हवी तर उभ्या ट्रकची. आणि तरीही मी एकटी चालत होते, माझ्या चालीने, मागे कुणी 'थकलीस का' विचारायला नव्हतं. हे मला इतकं आवडलं की मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले. ट्रकच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं आणि माझा गळा बघता तेच बरं होतं.

तिसऱ्या दिवशी टाच फुटली. चट्ट्याचा फोड झाला, फोडाची जखम. कमरेतून कळ निघून गुडघ्यापर्यंत यायची. दुपारी एका पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी आले आणि पुढचं पाऊल उचलेना. टायरांच्या ढिगावर बसले आणि रडले. लपवून नाही, चांगलं हुंदके देऊन. दादा बरोबर होता, आई बरोबर होती, उंटावरचे सगळे शहाणे बरोबर होते, मीच एक मूर्ख, हौस म्हणून हमरस्त्यावर टाच फोडून घेणारी.  पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत राहिला. माझं रडून झाल्यावर म्हणाला, "बस इथेच थांबते. हात केला की झालं."

बस आली. थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

मी त्याच्याकडे बघितलं. बसमध्ये जागा होती. खिडकीशीसुद्धा. आणि मला दिसलं की मी जिना चढतेय, दादा टेबलाशी बसलाय आणि म्हणतोय, "सांगितलं होतं ना." तो वाईट मनाने म्हणणार नव्हता. प्रेमानेच म्हणणार होता, पाठीवर हात ठेवून. तेच मला नको होतं.

"जा तुम्ही," मी कंडक्टरला म्हटलं. पंक्चरवाल्याकडून रबराचा मऊ तुकडा मागून घेतला, टाचेखाली घातला, आणि निघाले. त्या दिवशी फार चालले नाही. पण चालले.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. वहिनी माझ्या बाजूची आहे, पण ते फक्त फोनवर, आणि दादा अंघोळीला गेला असेल तेव्हाच. "कुठे आहेस? जेवतेस का? पाय कसा आहे? हे बघ, माझं नाव सांगू नकोस, पण हे उद्या आईंना घेऊन निघणार आहेत. तुला वाटेत गाठून पुढे देवळात न्यायचं म्हणतात."

"आई येतेय?"

"आईंनीच विचारलं, अजून परत कशी आली नाही म्हणून. त्यांना वाटलं होतं तू पहिल्याच रात्री परत येशील. सगळ्यांनाच वाटलं होतं. मला नव्हतं वाटलं हं," वहिनी घाईने म्हणाली, आणि फोन ठेवला. बहुतेक अंघोळ संपली.

पाचव्या दिवशी सकाळी दादाने फोन करून मी कुठे आहे एवढंच विचारलं. दुपारी मी एका चौकात पोचले. तिथे ट्रक तोलायचा वजनकाटा होता. जमिनीत बसवलेली भली मोठी लोखंडी प्लेट, बाजूला काचेची केबिन, आणि तोलून घ्यायला थांबलेल्या ट्रकची रांग. धूळ तर इतकी की तोंडात दाताखाली कचकच यायची. परतीची बस इथूनच होती. म्हणजे या वर्षीचं माझं चालणं इथे संपत होतं. मी केबिनच्या सावलीला बसले आणि बूट सैल केले. हरल्यासारखं वाटत नव्हतं, पण मोठं काही केल्यासारखंही वाटत नव्हतं. भूक लागली होती.

दादाची गाडी आली ती रांगेच्या शेवटी ट्रकमध्ये अडकली. त्याने गाडी तशीच बाजूला घातली आणि धावत माझ्यापर्यंत आला. माझा चेहरा, धुळीने माखलेले कपडे, सैल केलेला बूट, सगळ्यावर त्याने एकदा नजर फिरवली. एक क्षण मला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला नाही.

"बस गाडीत," तो हळू आवाजात म्हणाला. "ऐक माझं, फक्त आज ऐक. इथून दोन तासांत देऊळ. शेवटचा चढ तुला हवा तर पूर्ण चाल, मी अडवणार नाही. एवढी चाललीस, कोण म्हणेल नवस फिटला नाही म्हणून? आई तयार होऊन आलीय गं. काल रात्रीपासून झोपली नाही. तिला एकदा बघू दे. तुझी जिद्द मला कळली, पण तुझ्या जिद्दीसाठी ती थांबेलच असं आहे का?"

गाडीच्या मागच्या सीटवर आई बसली होती. तिने ठेवणीतले कपडे घातले होते, वडिलांच्या वेळचे. केस नीट विंचरलेले. मांडीवर देवाला न्यायच्या सामानाची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. ती किती लहान दिसत होती! आणि माझी सगळी हुशारी, सगळा ताठा, पाच दिवस रस्त्यावर जपलेला, तिथल्या तिथे विरघळला. दादा म्हणत होता त्यात खोट कुठे होती? देऊळ हलणार नव्हतं. आई जाणार होती. पुढच्या वर्षी असेल, त्याच्या पुढच्या वर्षी? मी माझ्या पायांचा मान राखीन आणि ती हे न बघताच जाईल. असा मान घेऊन मी काय करणार होते?

मी उठले. गाडीपाशी गेले. खिडकीची काच खाली होती.

"आई," मी म्हटलं. "तू म्हणशील तसं. तू म्हणालीस तर मी बसते गाडीत. खरंच बसते. मागून बोलून दाखवणार नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मग दार उघडायला लागली. दादा धावला, "अगं तू कशाला उतरतेस, धूळ आहे, आपल्याला निघायचंय," पण तिने त्याचा हात बाजूला सारला आणि काठी टेकत खाली उतरली. चौक बघितला. ट्रकची रांग बघितली. काट्यावर चढणारा एक ट्रक, काचेतून बघणारा माणूस.

"इथपर्यंत चालत आलीस?"

"हो."

"घरापासून?"

"हो, आई."

"तो मोठा पूल लागला. त्याच्यावरूनही?"

"त्याच्यावरूनही. कठड्याला धरून."

 मग ती दादाकडे वळली. "मी गाडीत याला विचारत होते," ती मला म्हणाली, पण बघत त्याच्याकडे होती. "पूल झाला, म्हटलं आता दिसेल ती. गिरणी गेली, कारखाने गेले, म्हटलं आता तरी दिसेल. एखाद्या झाडाखाली बसली असेल पाय धरून. रस्ता संपतच नव्हता. मी म्हटलं, अरे, आपण पुढे आलो, ती मागे राहिली असणार, गाडी फिरव. हा म्हणे, नाही आई, ती अजून पुढे आहे." तिने श्वास घेतला. "बसून बसून माझी कंबर धरली. आणि ही पोरगी चालत आली."

दादा खाली बघत होता.

आई माझ्यासमोर आली आणि वाकायला लागली. मी तिला धरलं, पण तिने ऐकलं नाही. काठीवर भार देत ती खाली वाकली आणि माझ्या डाव्या बुटावरची धूळ तळहाताने पुसली. जाड तळाचीसुद्धा. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ट्रकवाले बघत होते. बघोत.

"चल मग," दादा म्हणाला. "बसा दोघी. अंधाराच्या आत देवळात पोचू."

"देवळात कशाला?" आई म्हणाली.

"म्हणजे?"

"ही घरापासून चालत इथपर्यंत आलीय. इथून पुढे गाडीत घातलंस तर हे सगळं वाया. पुढच्या वर्षी इथून पुढे चालेल. ही जागा नीट बघून ठेव, काट्याची केबिन लक्षात ठेव, तुलाच सोडायला यायचंय हिला."

"आई, अगं," दादाने हात जोडले, "या चालीने अजून तीन-चार वर्षं लागतील. तोपर्यंत तू..."

 तो माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे.

"तोपर्यंत मी काय?" आई म्हणाली. मागचं दार तिने स्वतःच उघडलं, देवाची पिशवी आधी आत ठेवली, मग काठी, मग स्वतः बसली. "असेन की नसेन, ते माझं मी बघते. तू गाडी घराकडे वळव."